पान एकशे त्रेचाळीस

१

दर सोमवारी अकराच्या सुमारास प्रकाशकांकडून एक जाडजूड पाकीट येतं. त्यात आमच्या यांना आलेली वाचकांची पत्रं असतात. हे रहस्यकादंबऱ्या लिहितात. आजवर एकतीस झाल्या होत्या, बत्तिसावी या वर्षी आली. एवढ्या पुस्तकांत मिळून यांनी साठ-सत्तर माणसं तरी मारली असतील, पण घरात झुरळ निघालं की मलाच हाक मारतात.

पत्रं मी फोडते. जेवणाच्या टेबलावर त्यांचे तीन ढीग होतात. पहिला कौतुकाचा, तो सरळ यांच्या खोलीत जातो. दुसरा चुका काढणाऱ्यांचा. तो माझा, कारण यांच्या पुस्तकांची प्रुफं मी तपासते. तिसरा ढीग ज्यांचं काय करावं ते कळत नाही अशांचा. कोणी खुन्याचा पत्ता मागतं, कोणाला आपल्या शेजाऱ्यावर दाट संशय असतो. अशांना ‘आपल्या पत्राबद्दल मनःपूर्वक आभार’ असं छापील कार्ड जातं आणि पत्र माळ्यावरच्या पेटीत.

प्रुफं तपासण्याची माझी एक रीत आहे. लग्नाआधी ज्या छापखान्यात मी कामाला होते तिथल्या म्हाताऱ्या तपासनिसांनी ती शिकवली. प्रूफ उलटं वाचायचं. शेवटच्या पानाची शेवटची ओळ आधी. तिच्याखाली सहा इंची स्टीलची पट्टी ठेवायची, एकेक शब्द ओठांतल्या ओठांत म्हणायचा आणि ओळ झाली की पट्टी वर सरकवायची. असं करत पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपर्यंत. सरळ वाचलं की गोष्ट आपल्याला हाताला धरून ओढत नेते आणि चुका डोळ्यांदेखत निसटतात. उलट वाचणाऱ्याला गोष्ट दिसतच नाही, फक्त शब्द दिसतात. या रीतीमुळे बत्तीस पुस्तकांत माझ्या हातून सुटलेल्या चुका मी दोन हातांच्या बोटांवर मोजून दाखवीन.

खुनी कोण, हे मला पहिल्या दिवशीच कळतं. का, ते मात्र कधीच कळत नाही. मला त्याचं काही वाटतही नव्हतं.

२

बत्तिसावं पुस्तक बाजारात येऊन महिना झाला असेल. सोमवारच्या पाकिटात एका शिंप्याचं पत्र होतं. अक्षर सुरेख, कागद वहीचा.

‘साहेब, पुस्तक फार आवडलं. एक विचारायचं आहे. पान एकशे त्रेचाळीसवर इन्स्पेक्टर चौथ्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमधून रेकॉर्ड रूमकडे जातो, तेव्हा समोरून एक बाई येतात. त्यांच्याबद्दल पुढे काहीच आलं नाही. त्या कोण? त्यांच्या ब्लाउजच्या डाव्या बाहीला कोपरापाशी जास्तीची टीप मारलेली आहे. टेबलावर डावं कोपर टेकून काम करणाऱ्या बाईची बाही तिथेच विरते, म्हणून विचारलं.’

मी पुस्तक उघडलं. पान एकशे त्रेचाळीस. इन्स्पेक्टर कॉरिडॉरमधून जातो. दोन्ही बाजूंचे दरवाजे बंद आहेत. एका दरवाजामागे टाइपरायटर वाजतोय. तो रेकॉर्ड रूमपाशी पोचतो. संपलं. बाई नाही, बाही नाही, टीप तर नाहीच नाही.

मी पत्र तिसऱ्या ढिगात टाकलं. मग त्याच पाकिटातून आणखी दोन निघाली. एक शाळेतल्या मास्तरांचं, एक लाकडाच्या वखारीतल्या मुनिमाचं. दोघांनाही समोरून येणाऱ्या त्या बाईंबद्दलच विचारायचं होतं.

“तुम्ही मागाहून काही घुसडलंत का?” मी यांना विचारलं.

हे हसले. “मी बाई आणली असती तर तिला निदान मारली तरी असती.”

प्रकाशकांना फोन केला. एखाद्या गठ्ठ्यात भलत्याच पुस्तकाचं पान शिवलं गेलं असेल, असं मला वाटलं. त्यांनी बांधणीवाल्याकडे चौकशी केली. सगळं ठीक होतं. “वहिनी, लोक चेष्टा करतात हो,” ते म्हणाले. “हल्ली वाचनमंडळं निघालीत. रिकामटेकडे असतात, सगळ्यांनी मिळून ठरवलं असेल.” मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

पण पुढच्या तीन सोमवारी मिळून अकरा पत्रं आली. गावं वेगळी, अक्षरं वेगळी, शाईसुद्धा वेगळी. बाई मात्र एकच. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. डावा हात भिंतीवरून सरकवत येतात, हातात काहीतरी चकाकतं. ओठ हलत असतात. कोणाकडे बघत नाहीत, कोणासाठी थांबत नाहीत. वाचणारा एका दिशेनं जात असतो, त्या उलट दिशेनं निघून जातात. घाबरल्याचं कोणीच लिहिलं नव्हतं. एका आजोबांनी लिहिलं होतं, ‘त्या जवळून गेल्या तेव्हा मी उठून उभा राहिलो. घरात एकटाच होतो आणि पुस्तक वाचत होतो, पण बसून राहणं बरं दिसेना.’

ते पत्र मी कुठल्याही ढिगात टाकलं नाही. बराच वेळ हातात धरून बसले.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल घेऊन मी माळ्यावरची पेटी खाली काढली.

तीस वर्षांची पत्रं होती. धुळीनं शिंकून शिंकून जीव गेला. शेजारी पत्त्यांची भिशी होती तिथला हसण्याचा आवाज भिंतीतून येत होता, म्हणून मला जरा धीर होता. दुपारी दोनपर्यंत माझ्यापुढे चाळीसएक पत्रं वेगळी निघाली. बोटीवरच्या खुनाच्या पुस्तकात डेकवर समोरून आलेल्या बाई. शाळेच्या पुस्तकात मैदान ओलांडून गेलेल्या बाई. तुरुंगाच्या पुस्तकात तर दोन कैद्यांच्या मधून गेल्या होत्या. या सगळ्यांना मी आभाराचं कार्ड पाठवलं होतं. स्वतःच्या हातानं, तिकीट चिकटवून.

ज्यांनी पानाचा आकडा दिला नव्हता त्यांचा प्रसंग मी पुस्तक काढून शोधला. दर वेळी निघालं ते पुस्तकाच्या बरोबर मधलं पान.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वाचक सुरुवातीकडून निघतात. मी शेवटाकडून निघते. दोन टोकांकडून निघालेली माणसं मध्ये एकमेकांना ओलांडणारच.

मी माझी डावी बाही वळवून बघितली. कोपरापाशी जास्तीची टीप होती. मीच मारलेली.

भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण त्या भीतीपेक्षा मोठं काहीतरी छातीत भरून आलं होतं, त्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. एवढी माणसं, एवढी वर्षं, कुठल्या कुठल्या घरांत पुस्तक उघडून बसली होती आणि मी माझी पट्टी सरकवत त्या सगळ्यांच्या जवळून चालत गेले होते. आणि माझं लक्षच नव्हतं.

यांनी ती पत्रं संध्याकाळपर्यंत वाचली. एकही सोडलं नाही.

“एवढ्यांना दिसलीस,” शेवटी म्हणाले.

“हो.”

“मला नाही दिसलीस कधी.”

मी म्हटलं, मी काय, समोर तर आहे. पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

४

यांनी पान एकशे त्रेचाळीस किती वेळा वाचलं याला गणती नाही. काहीच दिसेना. “माझंच लिहिलेलं आहे गं,” म्हणाले. “पुढचं वाक्य यायच्या आत मला पाठ असतं. त्यात कोण येऊ धजेल?”

मग एका सकाळी माझी पट्टी मागून घेतली. “तू ज्या वाटेनं जातेस त्याच वाटेनं येऊन बघतो. पाठमोरी दिसलीस तरी पुरे.”

मला हसू आलं. या वयात बायकोच्या मागे लागायचं म्हणजे फारच झालं, असंही मी म्हटलं. हे खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले आणि शेवटच्या ओळीखाली पट्टी ठेवली. कागदावरून स्टील सरकल्याचा आवाज दिवसभर येत राहिला. संध्याकाळी पहिल्या पानाला पोचले, पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शेवटून सुरू केलं.

महिनाभर हेच. तेहेतिसावी कादंबरी अर्धी लिहून टेबलावर पडली होती, तिच्यावर धूळ बसली. जेवायला बोलावलं की येत, पण घास हातात तसाच राही. काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागे की मी तोवर विचारलेलं विसरून जाई. डॉक्टर येऊन गेले. “थकवा आहे,” म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या.

एका दुपारी मी गोळ्यांचं खोकं घेऊन यांच्यापुढे उभी राहिले. यांनी मान वर केली आणि छान हसले. ते हसणं मी ओळखते. पुस्तकांच्या दुकानात सहीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसांसाठी ते राखून ठेवलेलं आहे. यांनी खिशातलं पेन काढलं, माझ्या हातातलं खोकं घेतलं आणि अदबीनं विचारलं, “कोणाच्या नावानं लिहू?”

मी माझं नाव सांगितलं. दुसरं काय करणार? यांनी खोक्यावर ते नीट लिहिलं, खाली सप्रेम म्हणून सही केली आणि मला परत दिलं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं.

५

दोन दिवसांनी सकाळी एक बाई आल्या. साठीच्या, पायात पांढरे कापडी बूट. मी दार उघडलं तर त्या काही न बोलता भिंतीला चिकटून बाजूला झाल्या, मला वाट द्यावी तशा. मग त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

“माफ करा, सवय झालीय,” म्हणाल्या.

त्या एका इस्पितळात सिस्टर होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. वॉर्डातल्या रोग्यांना यांची पुस्तकं वाचून दाखवायच्या. “मधलं पान आलं की मी मुद्दाम सगळ्यांकडे बघायची,” त्या म्हणाल्या. “ज्यांना कूस बदलता येत नव्हती, त्यांचीही मान तुमच्याबरोबर वळायची. या खाटेपासून त्या खाटेपर्यंत. इतकं शांत कधी नसायचं वॉर्डात.”

मी पाणी दिलं.

“साहेबांना भेटायला नाही आले मी. तुम्हालाच सांगायचंय. इतकी वर्षं तुम्ही एकट्या यायचात. या नव्या पुस्तकात महिन्याभरापासून तुमच्या मागून एक गृहस्थ येतात.”

“कसे आहेत दिसायला?”

त्यांनी मधल्या दारातून आतल्या खोलीत बघितलं. हे खिडकीपाशी पुस्तकावर वाकून बसले होते. “असे,” त्या म्हणाल्या.

आत पट्टी सरकली.

“वाचणाऱ्याला काहीतरी विचारतात ते. पण तोवर आपण पुढच्या ओळीवर गेलेलो असतो. पहिल्यांदा तुमच्यामागे दोनच पावलांवर होते. मग पानाच्या तळाशी यायला लागले. मग दोनशेव्या पानावर. आता तुम्ही गेल्यावर कितीतरी वेळ कोणीच येत नाही. काल वाचलं तेव्हा दोनशे सत्तरच्या पुढे आले. ते मागे मागे पडत चाललेत.” त्यांनी पेला खाली ठेवला. “पुस्तक दोनशे शहाऐंशी पानांचं आहे. एके दिवशी पुस्तक संपेल आणि ते आलेलेच नसतील.”

मला एकदम आठवलं. आधी हे संध्याकाळपर्यंत पहिल्या पानाला पोचत. गेले तीन दिवस पुस्तकाची उजवी बाजू वाढतच नव्हती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेवटचीच चार पानं.

“मी काय करू, सिस्टर?”

“मागून हाका मारून ऐकू जात नाही. समोरून जा. तुम्ही सरळ वाचलंत तर गाठ पडेल.”

“सरळ मी कधीच वाचलं नाही,” मी म्हटलं.

“कुठलं? हे पुस्तक?”

“कुठलंच.”

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती मला लागली. प्रत्येक पुस्तक झालं की हे दाराशी येऊन विचारत, कसं वाटलं? मी सांगे, सतरा चुका होत्या. किंवा तेवीस. दहा-बारा पुस्तकांनंतर यांनी विचारणं सोडून दिलं. यांना चुकांचा आकडा ठाऊक असे, पण त्या पलीकडचं मी यांना कधी काही दिलंच नाही.

६

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता घरातली कामं टाकून मी जेवणाच्या टेबलाशी बसले. पट्टी यांच्याकडे होती. मी ओळीखाली बोट ठेवलं आणि पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

आधी जमेना. डोळे सारखे मागे फिरायचे. मग चौथ्या-पाचव्या पानाशी गोष्टीनं माझा हात धरला. तिसाव्या पानावर मी मोठ्यानं हसले. एकसष्टाव्या पानावर उठून बाहेरच्या दाराची कडी बघून आले, सकाळचे साडेदहा वाजले असताना. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस मरतो तिथे त्याचे बूट जिन्याच्या पायरीवर जोडीनं काढून ठेवलेले असतात. ते वाक्य मी आधी तपासलं होतं, त्यात एक टिंब घातलं होतं. आता ते वाचून मी पदरानं डोळे पुसले. हे माणूस माझ्या शेजारच्या खोलीत बसून असं लिहीत होतं आणि मला पत्ताच नव्हता.

पान एकशे त्रेचाळीस आलं. अक्षरं होती तशीच होती, एकही वाढलं नव्हतं. इन्स्पेक्टर चालत होता, टाइपरायटर वाजत होता. आणि समोरून ती आली. किती लहानखुरी. भिंतीवरून पट्टी सरकवत, ओठ हलवत. तिच्या चेहऱ्यावर एवढं अवधान होतं की मला माझीच ओळख पटेना, आरशात ते कधी दिसलेलं नाही. मी खुर्ची बाजूला घेतली. तिनं बघितलं नाही. ती गेली तेव्हा माझ्या दंडाला जरासा वारा लागला.

मी मागे वळून बघितलं नाही. मला पुढे जायचं होतं.

दोनशेवं पान गेलं. दोनशे पन्नासावं गेलं. कोणी नाही. कॉरिडॉर रिकामे, जिने रिकामे. आतल्या खोलीतला पट्टीचा आवाज इतका सावकाश झाला होता की दोन सरकण्यांमध्ये माझी दोन पानं होत. दोनशे सत्तर. दोनशे ऐंशी. इन्स्पेक्टरला खुनी सापडला, का ते मला पहिल्यांदाच कळलं, पण त्यात माझं मन थांबेना. दोनशे पंच्याऐंशी. माझं बोट घामानं ओलं झालं होतं. शेवटच्या पानावर सहाच ओळी होत्या.

चौथ्या ओळीवर हे उभे होते.

खोलीच्या दारात, चौकटीला हात टेकून. आत पाऊल टाकायचंही त्राण उरलं नव्हतं. यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघून ते ठेवणीतलं हसू हसले.

“बाई,” यांनी विचारलं, “इथून कोणी गेलं का?”

मी बोट दाबून धरलं. पुढची ओळ डोळ्यांना ओढत होती, तरी बोट हलू दिलं नाही.

“अहो,” मी म्हटलं.

आतल्या खोलीतली पट्टी थांबली.

“सगळं वाचलं मी. सरळ वाचलं. फार सुंदर लिहिलंय हो तुम्ही. बूट पायरीवर ठेवलेत ना, तिथे मला रडू आलं.”

मग आत काहीतरी फरशीवर पडल्याचा खणखणीत आवाज झाला आणि पावलं ऐकू आली. हे मधल्या दारात येऊन उभे राहिले. केस चपटे झालेले, गालावर बाहीच्या सुरकुत्यांचे वळ. डोळे मात्र यांचेच होते, आणि ते माझ्याकडे बघत होते.

“अगं, किती वाजले?” यांनी विचारलं. “किती वेळ बसलीयस तू? चल, चहा टाक. भूकही लागलीय मला.”

महिन्याभरात यांनी मला अगं म्हटलं नव्हतं. मी यांच्याकडे बघितलं, आणि मग खाली पानाकडे. तिथेही हे उभे होते. माझ्या बोटापाशी, चौकटीला हात टेकून, मी काय सांगते याची वाट बघत. बोटाखाली पुस्तकाच्या दोनच ओळी उरल्या होत्या. बोट उचललं तर यांचं काय होईल, कोण जाणे.

“आज तुम्हीच टाका,” मी म्हटलं. “माझा हात गुंतलाय.”

हे पुटपुटत स्वयंपाकघरात गेले. डबे उघडल्याचे, भांडं ठेवल्याचे आवाज आले. साखर कुठे आहे म्हणून यांनी हाक मारली. ती ऐकायला माझ्या बोटापाशी उभ्या असलेल्यांनीही मान वळवली.